पसरणं थांबवणाऱ्या कॅप्सूल ताईला द्याव्यात का?

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीला, वय ४४, स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो (त्यात पॅक्लिटॅक्सेल होतं) आणि रेडिएशन पूर्ण झालं. गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणारी) होती म्हणून आता रोज टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम चालू आहे. वनस्पतींमधली रसायनं कॅन्सरचं पसरणं थांबवतात, असा एक लेख भाऊजींनी वाचला आणि तीन डब्या मागवल्या. एकीत हळदीतलं कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम आणि पिपेरिन ५ मिलिग्रॅम, दुसरीत ग्रीन टीचा अर्क, एका कॅप्सूलमध्ये ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य रसायन) ४०० मिलिग्रॅम, तिसरीत द्राक्षांतलं रेस्व्हेराट्रॉल. सगळ्या दिवसातून दोनदा घ्यायच्या. पहिली डबी ताईने तीन आठवड्यांपूर्वी सुरू केली. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही. लेखात खरेखुरे प्रयोग दिले होते, आणि हे सगळं नैसर्गिकच आहे. चालू ठेवावं का? किती घ्यावं?

उत्तर: कर्क्युमिन-पिपेरिनची कॅप्सूल आजच बंद करा. ती अचानक थांबवल्याने काही बिघडत नाही. बाकीच्या दोन डब्या उघडू नका. टॅमॉक्सिफेन मात्र एक दिवसही चुकू देऊ नका, आणि डॉक्टरांना पुढच्या तपासणीची वाट न बघता कळवा. हे इतक्या ठामपणे का सांगतो आहोत, ते आता सविस्तर.

तुमच्या पत्रातल्या दोन औषधांकडे आधी बघू. ताईंना मिळालेलं पॅक्लिटॅक्सेल वनस्पतीतूनच आलेलं आहे. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीचा नमुना १९६२ मध्ये गोळा झाला, मन्सुख वाणी आणि मनरो वॉल यांनी १९७१ मध्ये त्या रेणूची रचना जाहीर केली, आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळायला १९९२ उजाडलं. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन आली. चीनमधल्या कॅम्पटोथेका झाडातल्या रेणूत बदल करून इरिनोटेकन तयार झालं. तेव्हा वनस्पतीतून कॅन्सरचं औषध मिळतं का, या प्रश्नाचं उत्तर केव्हाच होकारार्थी मिळालेलं आहे. पण झाडाची साल आणि सलाईनमधून मोजून दिलेलं औषध यांच्यामध्ये जी तीस वर्षं गेली, तेवढ्यात शुद्धीकरण, मात्रा, विषारीपणा आणि माणसांवरच्या चाचण्या हे सगळं झालं. डबीतल्या कॅप्सूलने यातलं जवळजवळ काहीच पार केलेलं नाही.

दुसरं औषध टॅमॉक्सिफेन. ताईंच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पाच वर्षांत तो उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं आणि पंधरा वर्षांपर्यंत त्याने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. हे आकडे हजारो स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून काढलेले आहेत. पसरणं रोखणारी गोळी ताई रोज घेतच आहेत. त्यामुळे नव्या कुठल्याही कॅप्सूलला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ती या गोळीच्या आड येते का?

कर्क्युमिन येतं. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतात त्याचं एंडॉक्सिफेन होतं आणि मुख्य काम हे एंडॉक्सिफेन करतं. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांना १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिवसातून तीनदा दिलं. एंडॉक्सिफेनचं रक्तातलं एकूण प्रमाण ७.७ टक्क्यांनी घटलं. सोबत १० मिलिग्रॅम पिपेरिन तीनदा दिलं तेव्हा घट १२.४ टक्के झाली. ताईंची मात्रा याहून बरीच कमी आहे, त्यामुळे त्यांच्यात घट लहान असेल आणि तीन आठवड्यांत मोठं नुकसान झालं असेल असं समजायचं कारण नाही. घाबरू नका. पण एंडॉक्सिफेनची पातळी माणसागणिक खूप वेगळी असते. जिची मुळातच काठावर आहे तिच्या बाबतीत एवढी घटही परिणामकारक मानल्या जाणाऱ्या मर्यादेखाली नेऊ शकते, आणि आपण काठावर आहोत की नाही हे घरी कळायला मार्ग नाही.

आता लेखाकडे वळू. त्यातले प्रयोग खोटे असतील असं आम्हाला वाटत नाही. असे शोधनिबंध शेकड्यांनी आहेत. पण त्यांत मोजलं काय जातं ते बघा.

कॅन्सर पसरतो तो टप्प्याटप्प्याने. गाठीतली पेशी शेजारणींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी करते आणि सैल होते. मग एमएमपी-२, एमएमपी-९ यांसारख्या एन्झाइमांनी भोवतालचं कोलॅजनचं जाळं कापत रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरते. प्रवाहात बहुतेक पेशी मरतात. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या, तेव्हा चोवीस तासांनी त्यांतल्या १ टक्क्याहूनही कमी जिवंत होत्या. उरलेल्यांपैकी काही फुफ्फुसात, यकृतात किंवा हाडात अडकतात, वाहिनीबाहेर पडतात आणि तिथे एक तर मरतात, वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात किंवा वाढू लागतात. हा शेवटचा टप्पा, नव्या जागी बस्तान बसवण्याचा, सगळ्यात अवघड आणि अजून सगळ्यात कमी उलगडलेला आहे.

‘पसरणं थांबवलं’ असं म्हणणारे बहुसंख्य प्रयोग यातल्या फक्त पहिल्या दोन पायऱ्यांचे असतात. नेहमीचा प्रयोग असा: प्लास्टिकच्या ताटलीत पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या बारीक टोकाने त्यात सरळ रेघ ओढायची, सुटलेल्या पेशी धुवायच्या, फोटो काढायचा, आणि १२ ते २४ तासांनी त्याच जागेचा पुन्हा फोटो. औषध नसलेल्या ताटलीत पेशी सरकून रेघ बुजवतात, औषध घातलेल्या ताटलीत ती उघडी राहते. फोटो मोठे खात्रीचे दिसतात. पण पेशींची संख्या वाढली तरीही रेघ बुजते, त्यामुळे रसायनाने पेशींचं सरकणं थांबवलं की नुसतं विभाजन, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. आणि मात्रा इतकी जास्त असेल की पेशी मरायला लागल्या, तर मेलेल्या पेशी सरकणार कशा? म्हणून अशा निबंधात त्याच मात्रेला, तेवढ्याच तासांनी किती पेशी जिवंत होत्या याचा वेगळा आलेख आहे का, हे आधी शोधायचं. तो नसेल तर तो निबंध बाजूला ठेवावा, हे आमचं मत. याच्या पुढचा प्रयोग म्हणजे ८ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर जेलचा थर देऊन किती पेशी पलीकडे गेल्या ते मोजणं. तो जरा बरा, पण तिथेही हाच घोळ होऊ शकतो.

कर्क्युमिनची आणखी एक गंमत आहे. सिरम (रक्तातला पातळ भाग) नसलेल्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या जवळपासच्या आम्लतेला, ते अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं. शिवाय ते स्वतः चमकतं आणि प्रथिनांना सैलपणे कुठेही चिकटतं, त्यामुळे अनेक चाचण्यांत ‘परिणाम’ दिसतो तो मुळात चाचणीच बिघडल्यामुळे. औषधरसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये यावर सविस्तर टीका केली आहे.

यापुढचा मुद्दा मात्रेचा, आणि आमच्या मते खरा निकाल इथेच लागतो. ताटलीत कर्क्युमिन साधारण ५ ते ५० मायक्रोमोलर (द्रावणात किती रसायन आहे ते मोजायचं एकक) वापरतात. १० धरू. लिटरमागे ते साधारण ३.७ मिलिग्रॅम होतं. माणसाने रोज ३.६ ग्रॅम, म्हणजे ताईंच्या रोजच्या मात्रेच्या साडेतीन पटींहून जास्त, तोंडावाटे घेतल्यावर तासाभराने रक्तात मोजलं तर ते ११ नॅनोमोलरच्या, म्हणजे ०.०११ मायक्रोमोलरच्या, आसपास सापडलं. ताटलीतल्या मात्रेच्या सुमारे नऊशेव्या भागाइतकं. बाकीचं आतड्यातून शोषलंच जात नाही, किंवा आतडं आणि यकृत त्याला ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट हे रासायनिक तुकडे जोडून निकामी करून टाकतात. यावर तोडगा म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपेरिन घालतात. निरोगी माणसांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण सुमारे २० पट झालं. डबीवर ठळक अक्षरात ‘२००० टक्के’ लिहिलेलं असतं ते हेच. पण नऊशेला वीसने भागलं तरी पंचेचाळीस उरतात, आणि ती वाढही थोडाच वेळ टिकली होती. वर पिपेरिन हे सगळं करतं कसं? यकृताची औषधं निकामी करायची यंत्रणा मंदावून. ही यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते, तिच्यावर ताईंची इतर औषधंही अवलंबून असतात. कर्क्युमिनसाठी लाभदायक म्हणून विकला जाणारा गुण बाकीच्या गोळ्यांसाठी डोकेदुखी ठरतो.

उंदरांवरचे प्रयोग वाचताना मिलिग्रॅम प्रति किलो हा आकडा थेट माणसाच्या वजनाने गुणायचा नसतो. उंदराची मात्रा साधारण १२.३ ने भागायची. १०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे माणसात सुमारे ८, आणि ६० किलो वजनाला ४९० मिलिग्रॅमच्या आसपास. आकडा कॅप्सूलशी जुळला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. उंदराला ते पोटाच्या पोकळीत टोचलं होतं की खाऊ घातलं होतं ते बघा. टोचलेलं असेल तर तोंडावाटे घेतलेल्या कॅप्सूलशी तुलनाच होत नाही. तसंच, औषध पेशी सोडण्याच्या आधीपासून दिलं की पसरल्यानंतर सुरू केलं? बहुतेक प्रयोगांत आधीपासून.

ताईंच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. गाठ आता शरीरात नाही. काही पेशी सुटल्या असतील तर त्या ऑपरेशनच्या आधीच सुटल्या. गाठीतून बाहेर पडणं रोखणारं रसायन, अगदी शंभर टक्के खरं निघालं तरी, त्यांच्यासाठी उशिराचं आहे. त्यांना उपयोगी पडेल ते निपचित पडलेल्या पेशींना जागं होऊ न देणारं औषध, आणि इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या पेशींसाठी ते काम टॅमॉक्सिफेन करतं. औषधकंपन्यांनीही हाच धडा महागात घेतला आहे. १९९० च्या दशकात मॅरिमास्टॅटसारखी, एमएमपी एन्झाइम अडवण्यासाठीच घडवलेली औषधं उंदरांत छान चालली. मोठ्या चाचण्यांत आधीच पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना दिली गेली, तेव्हा अपेक्षित फायदा दिसला नाही, सांधे मात्र धरले.

मग वनस्पतीतल्या एखाद्या रेणूने माणसात पसरण्याच्या वाटेवर काही केलं आहे का? एक उदाहरण आम्हाला मनापासून आवडतं. डिजिटॅलिस वनस्पतीच्या पानांतून मिळणारं डिजॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध. रक्तात कॅन्सर पेशी एकेकट्या फिरतात, तशा काही पुंजक्यांनीही फिरतात, आणि २०१४ च्या एका अभ्यासात उंदरांमध्ये असे पुंजके सुट्या पेशींच्या २३ ते ५० पट जास्त नव्या गाठी करतात असं दिसलं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पुढे २,४८६ मान्यताप्राप्त रसायनं चाळली. पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवणारे रेणू हे पुंजके फोडतात, असं त्यांना आढळलं. डिजॉक्सिन याच जातीचं. २०२५ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ९ रुग्णांना ते रक्तातली पातळी ०.७ ते १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर राखून दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुंजक्यांचा आकार सरासरी २.२ पेशींनी घटला. इथे बघा, कुठला टप्पा अडवायचा ते ठरलेलं आहे, रक्तातली पातळी मोजलेली आहे, आणि ती हृदयरोगात नेहमी वापरतात त्याच पट्ट्यातली आहे. तरीही यातून रुग्ण जास्त जगले असं कुणी म्हटलेलं नाही. ९ जणांत ते कळणारही नव्हतं. म्हणून हे आज उपचारात नाही, आणि हृदयाची लय बिघडवण्याइतकं ते धोक्याचं आहे. हे वाचून कुणी भाऊजींना कण्हेरीचा काढा सुचवला, कारण कण्हेरीतलं ओलिअँड्रिनही तोच पंप अडवतं, तर कृपा करून हात धरा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. सदाफुलीची पानं चावण्याचंही तेच. एका ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि पानागणिक कुठला अल्कलॉइड किती, याचा काहीच भरवसा नसतो.

उरल्या दोन डब्या. ग्रीन टीच्या अर्काने टॅमॉक्सिफेनची पातळी बदलते का, हेही नेदरलँड्समध्येच तपासलं गेलं आणि बदल आढळला नाही. अडचण यकृताची आहे. युरोपियन फूड सेफ्टी अथॉरिटीने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइमं वाढलेली दिसतात. भाऊजींच्या डबीची रोजची बेरीज बरोबर ८०० होते. उपाशीपोटी घेतलं तर शोषण वाढतं आणि धोकाही. टॅमॉक्सिफेनने काही जणींच्या यकृतात चरबी साठते, त्यात ही भर कशाला? कपातला चहा वेगळा, त्याला आमची हरकत नाही. (एखाद्या वाचकाच्या घरी मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर त्यांनी मात्र हा अर्क अजिबात घेऊ नये. ईजीसीजी त्या औषधाच्या बोरॉनच्या भागाला थेट चिकटतं, आणि उंदरांत औषधाचा परिणामच नाहीसा झाला.)

रेस्व्हेराट्रॉलबद्दल फार लिहायला नको. ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला चिकटू शकतं, आणि ताईंचा सगळा उपचार त्या रिसेप्टरभोवती फिरतो. यकृतात पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या ९ रुग्णांच्या एका चाचणीत रोज ५ ग्रॅम दिल्यावर गाठीत पेशीमृत्यूची एक खूण ३९ टक्क्यांनी जास्त दिसली, ही त्याची जमेची बाजू. त्याच तयारीची मायलोमाच्या २४ रुग्णांवरची चाचणी थांबवावी लागली, त्यांतल्या ५ जणांची मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे.

‘नैसर्गिकच आहे’ याबद्दल. बीटा-कॅरोटीनही वनस्पतीतलंच. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत, निकाल १९९४ चा, ते गोळीतून घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशनचा ताण कमी करणारं रसायन, या कॅप्सूलही त्याच नावाने विकल्या जातात) म्हणजे पसरण्याला आळा, हे समीकरण तर उलटंही पडू शकतं. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशी ऑक्सिडेशनच्या ताणानेच मोठ्या संख्येने मरतात. २०१५ मध्ये मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर असलेल्या उंदरांना पाण्यातून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तेव्हा मूळ गाठी तेवढ्याच राहिल्या आणि लसिकाग्रंथींतल्या दुय्यम गाठी दुप्पट झाल्या. हाही उंदरांतलाच पुरावा, त्यालाही वरचे सगळे प्रश्न लागू. पण ‘फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही’ हे वाक्य म्हणायची सोय त्याने राहत नाही.

डॉक्टरांना सांगताना लाजू नका. तीनही डब्यांच्या मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो काढा. कुठली कॅप्सूल, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, दिवसातून किती, उपाशीपोटी की जेवणानंतर, एवढं एका कागदावर लिहा. त्यात झोपेची, मूळव्याधीची, वजनाची म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी आणि काढाही लिहा. सेंट जॉन्स वर्ट (नैराश्यावर म्हणून विकली जाणारी वनौषधी) असेल तर खास अधोरेखित करा, कारण ते यकृताची यंत्रणा उलट वेगवान करतं. इरिनोटेकनचा कामाचा भाग त्याने ४२ टक्क्यांनी घटलेला मोजला गेला आहे. मग विचारा: यकृताची रक्तचाचणी आता करायची का? एंडॉक्सिफेनची पातळी मोजायची सोय आणि गरज आहे का? नैराश्यासाठी काही गोळी चालू असेल तर ती टॅमॉक्सिफेनच्या आड येते का? पॅरोक्सेटिन येतं. आणि ताईंना खरोखर नवं काही करून बघायची इच्छा असेल तर त्यांना बसेल अशी नोंदणीकृत चाचणी कुठे चालू आहे का? तिथे रसायन मोजून दिलं जातं, रक्त तपासलं जातं, आणि काही बिघडलं तर थांबवायला कुणीतरी जबाबदार असतं. डॉक्टर रागावलेच तर रागावू द्या, कागद तेवढा त्यांच्या फाइलला लागला पाहिजे. दात काढण्यासारखी किरकोळ शस्त्रक्रिया ठरली तरी तोच कागद तिथेही दाखवा, कारण कर्क्युमिनसारख्या काही रसायनांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

भाजी-आमटीत पडणारी हळद बंद करायची गरज नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चिमूटभर हळदीतून मिळतं ते कॅप्सूलच्या मानाने किरकोळ, आणि त्यातलंही फारसं रक्तात पोचत नाही.

एक गोष्ट मात्र पुढचे काही आठवडे ध्यानात ठेवा. हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि अशी इजा कॅप्सूल घेतल्यावर कधीकधी महिन्या-दोन महिन्यांनी उघड होते. लघवी गडद चहाच्या रंगाची होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगभर खाज, अन्नावरची वासना उडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बिलिरुबिन, एएलटी आणि एएसटी या यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्या आणि तपासणाऱ्यांना कॅप्सूलचं नाव सांगा. ‘काविळीवर’ म्हणून आणखी कुठला काढा त्यात घालू नका.